परक्या बंदरावर अडकलेले नाव आणि टिपणीस सर

श्री. सुधाकर टिपणीस यांना मी पहिल्यांदा पाहिले ते अंधेरीत, आमच्या विधी महाविद्यालयाच्या एका वर्गात. मी शेवटच्या वर्षाला होते. 'बौद्धिक संपदा आणि आंतरराष्ट्रीय व्यापार' या विषयावर बोलायला मुलुंडहून एक ज्येष्ठ वकील येणार, अशी सूचना फळ्यावर लागली होती. विषयाचे नाव वाचूनच निम्मा वर्ग कॅन्टीनकडे गेला. मी थांबले, कारण मला भांडायचे होते.

भांडायचे कारण घरचे होते. आम्ही जोगेश्वरी पूर्वेला राहतो. आजोबा कोकणातून गिरणीत कामाला आले आणि वडील अंधेरी एमआयडीसीतल्या एका लहानशा औषध कंपनीत पॅकिंग खात्यात लागले. कंपनीची औषधे आफ्रिकेतल्या देशांना जात. एकदा तो माल वाटेतल्या एका परदेशी बंदरावर अडवला गेला. पेटंट कोणाचे यावरून काही वाद होता. वडिलांना त्यातले एवढेच कळले की आधी ओव्हरटाइम बंद झाला आणि नंतर पॅकिंगची एक पाळीच बंद झाली. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली. वकील व्हायचे ते असल्या गोष्टींविरुद्ध लढायला, असे मी तेव्हा मैत्रिणींना सांगत असे.

व्याख्यान संपल्यावर मी उभी राहिले आणि पेटंट म्हणजे श्रीमंत देशांनी गरिबांच्या औषधाला घातलेले कुलूप आहे, असे सरळ सांगून टाकले. टाळ्या पडल्या. सरांनी त्या संपू दिल्या. मग त्यांनी शांतपणे विचारले, "औषध शोधण्यात ज्याचं अर्धं आयुष्य गेलं, त्याच्या बाजूने मला एक पान लिहून देशील? तुझ्या मताला हरवायला निघाल्यासारखं लिही. उगाच लुटुपुटूचं नको."

मला तो अपमान वाटला. तरी मी ते पान लिहिले आणि मुलुंडला त्यांच्या कार्यालयात नेऊन दिले. सरांनी ते सावकाश वाचले आणि म्हणाले, "आता तुझी बाजू लिही. आता ती आधीपेक्षा बरी उतरेल." ती खरोखरच बरी उतरली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मी त्यांच्याकडे काम शिकू लागले.

या गौरवग्रंथात सरांविषयी लिहिणारे बहुतेक जण त्यांच्या बरोबरीचे किंवा त्यांच्या जुन्या शिष्यांपैकी आहेत. मी सर्वांत नवी. त्यामुळे त्यांच्या संपूर्ण कार्याचा आढावा घेण्याचा माझा अधिकार नाही. मी जे जवळून पाहिले तेवढेच लिहिते.

सरांनी नोकरीची सुरुवात एका निर्यात कंपनीत कागदपत्रे तयार करणारे कारकून म्हणून केली. माल चांगला, भाव चांगला, जहाजाची जागा ठरलेली, आणि तरीही व्यवहार मोडतो, असे त्यांना तिथे वारंवार दिसले. कधी डब्यावरच्या नावावरून, कधी यंत्राच्या एखाद्या भागावर दुसऱ्या कोणाचे पेटंट निघाले म्हणून. कंपनीतल्या कोणालाच त्यातले काही कळत नव्हते. म्हणून सरांनी संध्याकाळच्या वर्गांना जाऊन कायद्याची पदवी घेतली आणि नोकरी सोडून मुलुंड पश्चिमेला, एका स्टेशनरीच्या दुकानावरच्या मजल्यावर, स्वतःचे कार्यालय थाटले. ते आजही तिथेच आहे.

पुढे जागतिक व्यापाराच्या करारात पेटंट, ट्रेडमार्क आणि कॉपीराइट हे विषय आले, तेव्हा या विषयावर गावोगाव सभा झाल्या. एका बाजूला देश विकला गेल्याची भाषणे, दुसऱ्या बाजूला आता सोन्याचा धूर निघणार अशी भाषणे. सर दोन्हीकडे गेले नाहीत. ते घाटकोपर, भांडुप, बोरिवली इथल्या लघुउद्योजकांच्या बैठकींना जात आणि फळ्यावर दोन चौकोन काढून दोन देश म्हणून समजावत. त्यांचे एक वाक्य त्या वेळी तिथे असलेले लोक आजही सांगतात: "एक देश दुसऱ्याला म्हणतो, माझ्या शोधाचा मान ठेव, मी तुझ्या मालाला दार उघडतो. आपण बघायचं ते एवढंच, की दार किती उघडतंय आणि मान केवढ्याला पडतोय." लहान औषध उत्पादकांना त्यांनी हेही दाखवून दिले की ज्या कराराला सगळे शिव्या देतात, त्याच करारात लोकांचे जीव वाचवण्यासाठी सरकारला काही वाटा मोकळ्या ठेवल्या आहेत. फक्त त्या वाचायला पाहिजेत.

माझ्या वडिलांचा किस्सा मी सरांना कामाला लागल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी सांगितला. त्यांनी एका रविवारी वडिलांना कार्यालयात बोलावून घेतले. फळ्यावर तीन चौकोन काढले. औषध जिथे बनले तिथे ते कायदेशीर होते. जिथे जायचे होते तिथेही कायदेशीर होते. मधल्या ज्या देशात जहाज बदलणार होते, तिथे मात्र त्या औषधावर पेटंट होते, आणि तिथल्या कस्टमने ते उतरवून ठेवले. अशा मालाला नुसते जाऊ द्यायचे की अडवायचे, यावरून पुढे देशादेशांत बरेच ताणले गेले, हे सरांनी वडिलांना एखाद्या अशिलाला सांगावे तसे सविस्तर सांगितले. बाहेर पडल्यावर रिक्षाच्या रांगेत वडील मला म्हणाले, "म्हणजे आमच्या पॅकिंगमध्ये काय चूक नव्हती." इतकी वर्षे त्यांच्या मनात हे होते, ते मला तेव्हा कळले.

सरांच्या कार्यालयाची एक पद्धत आहे. कोणतेही नवे प्रकरण आले की त्यावर काम करणाऱ्याने सर्वांत आधी समोरच्या पक्षाच्या बाजूने एक पान लिहायचे. साध्या मराठीत लिहायचे आणि ते अशिलाला वाचून दाखवायचे. कार्यालयात त्याला 'समोरच्याचं पान' म्हणतात. काही अशिलांना याचा राग येतो. पैसे आम्ही देणार आणि बाजू त्याची ऐकायची, असे ते म्हणतात. सर त्यांना चहा देतात आणि पान पूर्ण ऐकून घ्यायला लावतात.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा सरांनी मला विचारले, माझ्याविरुद्धचं पान लिहून झालं का? झाले आहे, आणि त्यातले थोडे इथे देते. सर कौतुक करण्यात फार कंजूष आहेत. त्यांचा सर्वोच्च शेरा 'चालेल' हा आहे. आमच्या मसुद्यांतले 'अत्यंत', 'निर्विवाद', 'सर्वस्वी' हे शब्द ते कचरा वेचल्यासारखे वेचून काढतात. मुलुंडच्या बाजारात कोणत्याही वाण्याच्या दुकानात शिरून ते डब्यांवरची लेबले वाचत उभे राहतात. एका दुकानदाराने मला पाहून तक्रार केली, "मॅडम, तुमच्या काकांना सांगा ना, वाचून झालं की एखादं घ्यायचं पण असतं." सरांनी ते मनावर घेतले. त्यानंतर आठवडाभर कार्यालयात आम्ही कुठकुठल्या देशांची बिस्किटे खाल्ली, त्याची आठवण नको.

आणि याच पानाच्या मागच्या बाजूला हेही लिहायला हवे. मी नवी असताना अंधेरीच्या एका कंपनीचे व्यवस्थापक फोनवर माझे बोलणे मध्येच तोडून, सरांनाच फोन द्या, असे म्हणाले. सरांनी फोन घेतला आणि सांगितले, "या प्रकरणात काय चाललंय ते मलासुद्धा तिच्याकडूनच कळतं. तुम्ही तिच्याशीच बोला." आणि फोन परत माझ्या हातात दिला. त्या दिवसानंतर त्या व्यवस्थापकांनी मला 'सरांनाच फोन द्या' असे कधी म्हटले नाही.

सरांची ओळख व्हावी म्हणून मी आता एकच प्रकरण जरा विस्ताराने सांगते. संबंधित दोघांच्या संमतीने सांगत आहे. त्यांची पहिली नावेच वापरते.

शैलजाताई घाटकोपरला असल्फ्यात एका गाळ्यात मालवणी मसाला तयार करतात. मूळ मसाला त्यांच्या सासूबाईंचा. सासूबाई गेल्या, पण पाकिटावर नाव त्यांचेच आहे आणि खाली तुळशीवृंदावनाचे चित्र. हे नाव भारतात शैलजाताईंच्या नावावर व्यवस्थित नोंदलेले होते. आखातातल्या एका देशात हा मसाला गेली काही वर्षे चांगला खपत होता. तिकडचा सगळा व्याप दत्ताराम बघत असत. दत्ताराम म्हणजे शैलजाताईंच्या सासरच्या वाडीतले, यजमानांपेक्षा वयाने लहान, त्यांना वैनी म्हणणारे. तिकडे एका गोदामात स्टोअरकीपर म्हणून गेले आणि पुढे स्वतःचा धंदा उभा केला.

शैलजाताई पहिल्यांदा कार्यालयात आल्या तेव्हा बसायच्या आधीच बोलू लागल्या. त्यांचा कंटेनर तिकडच्या बंदरावर कस्टमने अडवला होता. कारण असे दिले होते की या मालावर जे नाव आहे ते त्या देशात दुसऱ्याच्या मालकीचे आहे, म्हणून हा माल नकली आहे.

"माझ्याच सासूचं नाव, माझ्याच गाळ्यातला मसाला," त्या म्हणाल्या, "आणि मलाच सांगतायत हा नकली आहे म्हणून."

तिकडे नाव कोणाच्या मालकीचे आहे, हे सरांनी विचारले. दत्तारामचे, असे त्यांनी सांगितले. सरांनी विचारले, त्यांनी तुमच्या नकळत नोंदवले का? शैलजाताईंनी तेव्हा प्रामाणिकपणे सांगितले की नाही. धंदा सुरू होताना दत्तारामने फोन करून विचारले होते की तिकडे नाव नोंदवावे लागते, कसे करू या? आणि त्या म्हणाल्या होत्या, तूच नोंदव तुझ्या नावावर, तू काय परका आहेस का.

ही चूक आमच्याकडे वरचेवर येते. एखाद्या गुजराती किंवा पंजाबी व्यापाऱ्याला याच शैलजाताईंनी सतरा प्रश्न विचारले असते. पण दत्ताराम वाडीतला, घरचा. घरच्या माणसाबरोबर कागद करायचा म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा, असे आपल्या कोकणी माणसांना वाटते. माझ्याही घरी असेच वाटते. कायद्याचे मात्र तसे नाही. ट्रेडमार्क त्या त्या देशाच्या हद्दीपुरता असतो. घाटकोपरच्या गाळ्यात शैलजाताई मालक होत्या. समुद्र ओलांडल्यावर दत्ताराम मालक होते, आणि शैलजाताईंचाच माल तिथे परका ठरला होता.

हे आताच का घडले, तेही सरांनी काढून घेतले. त्या देशातल्या एका मोठ्या सुपरमार्केटने थेट शैलजाताईंशी संपर्क साधला होता. कंटेनर त्यांच्यासाठीच निघाला होता. दत्तारामना यातले काहीच सांगितलेले नव्हते.

तिकडच्या एका वकिलांना सरांनी सल्ला विचारला. त्यांचे उत्तर आशादायक होते. मूळ मालकाच्या परवानगीवाचून जर वितरकाने नाव स्वतःकडे नोंदवले असेल, तर ते रद्द करून घेण्याची किंवा परत मिळवण्याची सोय कायद्यात आहे. फक्त अशी परवानगी दिली नव्हती, असे मालकाने प्रतिज्ञापत्रावर सांगायला हवे.

मी हे वाचून दाखवले आणि शैलजाताईंचा चेहरा उजळला. मग लिहून टाका ना, त्या म्हणाल्या. सरांनी हातातले पेन खाली ठेवले. त्या पुढे म्हणाल्या, "फोनवरचं बोलणं ते, सर. कागद नाही, काही नाही. कोण होतं ऐकायला?"

"तुम्ही होतात," सर म्हणाले.

मग शैलजाताईंचा पारा चढला. तुम्ही माझे वकील आहात की त्याचे, असे त्यांनी विचारले. मसाल्याच्या पाकिटांवरच्या तारखा सरत चालल्या होत्या, सुपरमार्केटवाला रोज विचारणा करत होता, गाळ्यात कामाला बायका होत्या. त्यांचे चुकत होते असे मला तेव्हाही वाटले नाही. इतकी वर्षे सासूबाईंच्या हाताची चव जपून बाई धंदा करते आणि एका फोनवरच्या वाक्यामुळे ते नावच तिच्या हातून जाते, हे मला सहन होत नव्हते. सरांनी त्यांना एवढेच सांगितले की मी तुमचाच वकील आहे, म्हणूनच हे वाक्य तुमच्या सहीने जाऊ देणार नाही. हवे तर दुसरा वकील करा, कागद तयार ठेवतो. शैलजाताई उठून गेल्या. सरांनी मला खरोखरच सगळे कागद क्रमाने लावून ठेवायला सांगितले, म्हणजे नव्या वकिलाला त्रास होऊ नये.

प्रकरण गेले, असे मी धरून चालले होते. आणि काही दिवसांनी शैलजाताई परत आल्या. दुसऱ्या वकिलांनी प्रतिज्ञापत्र तयारही केले होते. त्यात परवानगी नव्हती हे होतेच, पण ते पक्के करण्यासाठी दत्ताराम ही व्यापारानिमित्त भेटलेली अनोळखी व्यक्ती आहे, असेही लिहिले होते.

"माझ्या लग्नात पंगतीत वाढत होता तो," शैलजाताई म्हणाल्या. "त्याला मी अनोळखी म्हणून सही करू? माझी सासू वरून खाली येईल."

सर हसले. मग त्यांनी मला समोरच्याचे पान वाचायला सांगितले. ते मी शैलजाताईंनीच सांगितलेल्या माहितीवरून आणि जुन्या बिलांवरून लिहिले होते. दत्ताराम नमुन्याची पाकिटे घेऊन दुकानादुकानांतून फिरले. मालवणी मसाला म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते, त्या केरळच्या आणि फिलिपिन्सच्या दुकानदारांना त्यांनी तो चाखायला लावला. अरबी भाषेतले लेबल त्यांनी करून घेतले, तिकडच्या अन्न खात्याच्या परवानग्या त्यांनी मिळवल्या. हे नाव त्या देशात कोणाच्या पायांनी चालले, असा प्रश्न त्या पानाच्या शेवटी होता. आणि एवढे करून धंदा मोठा व्हायची वेळ आली, तेव्हा वैनींनी त्यांना सांगितलेही नाही.

शैलजाताईंनी पान शेवटपर्यंत ऐकले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हे सगळं खरं आहे गं. पण असं ओळीने मला कोणी सांगितलं नव्हतं." मग त्यांनी सरांना विचारले की म्हणजे आपण हरलो का. सर म्हणाले, "त्याच्याकडे नाव आहे, मसाला नाही. तुमच्याकडे मसाला आहे, तिकडे नाव नाही. दोघेही अर्धे आहात. देशांचंसुद्धा बहुतेक असंच असतं, आणि तेसुद्धा आधी एकमेकांची दारं लावून बघतात."

दत्ताराम शिमग्याला गावी येणार होते. वाटेत ते भांडुपला बहिणीकडे उतरतील हे शैलजाताईंना माहीत होते. सरांनी त्यांना पत्र पाठवून कार्यालयात बोलावले आणि त्यात स्पष्ट लिहिले की तुम्ही तुमचा वकील बरोबर आणा. ते एकटेच आले. तेव्हा सरांनी पुन्हा सांगितले की आज इथे कोणतीही सही होणार नाही, जे ठरेल ते तुम्ही तुमच्या वकिलाला दाखवा. मग मला शैलजाताईंच्या बाजूचे पान वाचायला सांगितले, कारण आज त्यांच्यासाठी समोरची बाजू ती होती.

दत्ताराम मान खाली घालून ऐकत होते. पान संपल्यावर ते सरांशी नाही, शैलजाताईंशी बोलले. "वैनी, माका एक फोन करूक होयो होतो. सुपरमार्केटचा माका बाजारात कळला, तां पण दुसऱ्याच्या तोंडातसून." नकली हा शब्द आपण वापरला नव्हता, तो कस्टमचा, हे त्यांनी दोनदा सांगितले. त्यांना माल जप्त करायचा नव्हता. आपल्याला कोणी विचारावे, एवढ्यासाठी त्यांनी कस्टमकडे हरकत घेऊन तो अडवला होता. तुम्ही मला चोर ठरवणारा कागद करताय असे गावाकडून कानावर आले, असेही ते म्हणाले.

इथे सरांनी काही बोलावे असे मला वाटत होते. त्यांनी शैलजाताईंकडे फक्त पाहिले.

शैलजाताई म्हणाल्या, "कागद केला होता, सही नाही केली. नोंदव म्हणून मीच सांगितलं होतं तुला, दत्ताराम. मला आठवतंय. आणि फोन करायला पाहिजे होता, तो मी नाही केला."

दत्तारामनी मान वर केली. मग म्हणाले, "ह्याच आयकूक मी इलंय. बाकीचा वकील लोका बघतले."

बाकीचे आम्ही बघितले. ते सोपे नव्हते. मसुदा बऱ्याच वेळा इकडून तिकडे गेला. दत्तारामच्या वकिलांनी दोन कलमांवर कडक हरकत घेतली, त्यातली एक सरांनी योग्य म्हणून मान्य केली. शेवटी ठरले ते असे: त्या देशातली नोंदणी शैलजाताईंच्या नावावर होईल. लहान दुकानांचा धंदा ठरावीक मुदतीपर्यंत दत्तारामकडेच राहील, सुपरमार्केटचा थेट शैलजाताईंकडे. पुढे दोघांचे जमले नाही तर करार संपेल, पण नाव कोणी अडवून ठेवणार नाही. दत्तारामनी कस्टमकडची हरकत मागे घेतली आणि कंटेनर सुटला.

सगळे काही गोड झाले, असे मात्र नाही. माल इतके दिवस बंदरावर पडून होता की पाकिटांवरची मुदत कमी उरली, आणि सुपरमार्केटने ती खेप घ्यायला नकार दिला. शैलजाताई हबकल्या. तो माल दत्तारामनी उचलला आणि आपल्या लहान दुकानांतून संपवला. सुपरमार्केटला नवा माल गेला. करारात असे काही लिहिलेले नव्हते. मी हे सरांना मोठ्या उत्साहाने सांगितले, तेव्हा सर म्हणाले, "अश्विनी, करार नीट झाला की माणसांना करारापलीकडे वागायला मोकळीक मिळते. म्हणून तो नीट करायचा."

कायदा आणि माणुसकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि वकिलाला त्यातली एक निवडावी लागते, असे मला कॉलेजात वाटत असे. सरांकडे मला दिसले की नाव कोणाचे हे नक्की झाल्याशिवाय विश्वासाने व्यापार करता येत नाही, आणि ते नक्की करताना खोटे बोलले तर व्यापार करायला समोर कोणी उरत नाही. हे दोन घरांना जितके लागू आहे, तितकेच दोन देशांना. पेटंटच्या बाबतीत माझे मत आजही सरांपेक्षा वेगळे आहे. औषधांवरच्या पेटंटची मुदत कमी असावी, असे मी मानते. सरांना ते पटत नाही. आमचा वाद चालू आहे, आणि तो चालू राहावा म्हणून मला लागतील ती पुस्तके सरच आणून देतात.

त्या प्रकरणातून एक नवीन गोष्ट सुरू झाली. सगळे मिटल्यावर शैलजाताई म्हणाल्या होत्या की हे आधी कोणी सांगितले असते तर. सरांनी ते ऐकले आणि मुलुंडच्या एका शाळेचा हॉल शनिवारी दुपारी मागून घेतला. परदेशात माल पाठवणाऱ्या किंवा पाठवू पाहणाऱ्या लहान उद्योजकांसाठी तिथे आता विनामूल्य वर्ग चालतो. लोणची, पापड, कोकम, चामड्याच्या पिशव्या, यंत्रांचे सुटे भाग, सगळ्या प्रकारची माणसे येतात. मनोरीहून सुकी मासळी पाठवणाऱ्या दोघी बहिणी बोटीने खाडी ओलांडून येतात. पहिल्या दिवशी सरांनी भाषण केलेच नाही. त्यांनी शैलजाताईंना उभे केले. शैलजाताईंनी फोनवरच्या त्या वाक्यापासून सगळे सांगितले, प्रतिज्ञापत्राचेही सांगितले. मागच्या रांगेतून एकाने विचारले, घरच्या माणसाला कागद कर म्हणून कसं सांगायचं, वाईट दिसतं ना ते. शैलजाताईंनी उत्तर दिले की मलाही तसेच वाटले होते, आणि कागद नव्हता म्हणूनच आम्ही जवळजवळ एकमेकांना गमावले.

सर त्या वर्गात सर्वांना एक गोष्ट पाठ करायला लावतात: माल निघण्याआधी नाव निघालं पाहिजे. शैलजाताईंनी गेल्या वर्षी शेजारच्या आणखी एका देशात मसाला पाठवला. त्याआधी तिथे नाव नोंदवले, स्वतःच्या नावावर. तिथला वितरक दत्तारामनी सुचवला. त्याच्याबरोबर कागद केला, आणि तो करताना कोणालाच वाईट वाटले नाही. शैलजाताईंच्या सासूबाईंचे नाव आज दोन परक्या देशांत त्यांच्या सुनेच्या मालकीचे आहे, आणि ते मिळवताना आमच्या कार्यालयातून एकही खोटे वाक्य बाहेर गेलेले नाही. मला वकिली करायची आहे ती अशी.

टिपणीस सर पंचाहत्तर वर्षांचे झाले. त्यांना दीर्घायुष्य लाभावे, असे म्हणताना त्यात आमचा स्वार्थ आहे, हे मी लपवत नाही. शाळेचा हॉल दुसऱ्या मजल्यावर आहे आणि सरांचे गुडघे अलीकडे कुरकुर करतात. त्या गुडघ्यांनी त्यांना पुष्कळ वर्षे साथ द्यावी. त्यांची नजर तेज राहावी, म्हणजे मुलुंडच्या वाण्यांच्या दुकानांतली लेबले न वाचलेली राहणार नाहीत. त्यांचा आवाज खणखणीत राहावा. आणि दर शनिवारी दुपारी हॉलमध्ये निदान एक तरी असा माणूस बसलेला असावा, ज्याचा माल अजून निघालेला नाही.